शनिवार रोह्याचा

दुसऱ्याचं बोलणं ऐकायची खोड हौसाला नव्हती. पण पेणच्या स्टँडवर रोह्याची गाडी काही लागेना, आणि बाकावर तिला खेटून बसलेली एलियास नि दीना ही म्हातारी ज्यू जोडी इस्रायलहून येणाऱ्या लेकाची सहल ठरवत होती.

"आधी मुंबई, मग पुणं, मग महाबळेश्वर. आंबेनळी घाट उतरले की महाड, कोलाड नि रोह्याला आपलं घर."

"महाबळेश्वर कापा. पोरं घाटात ओकतात."

"मग सून येणार नाय."

"तर पुणं कापा."

"पुण्यात तिचं माहेर हाय, दीना."

"काय वाटेल ते कापा, शनिवार रोह्याचाच ठेवा. दहा पुरुषांबगर प्रार्थना होत नाय. गावात तुम्ही आठच पुरुष उरलात. आपला शिमोन नि त्याचा पोरगा आले की दहा."

"व्हय."

"प्रार्थनालय किती वर्षं बंद हाय! काल मी झाडून घेतलं. दिव्यात तेलसुद्धा घालून ठेवलंय."

"सकाळी शिमोनचा फोन आला होता."

"मला नाय दिलात?"

"शुक्रवारी दिवस मावळायच्या आत रोह्याला पोचणं जमत नाय म्हणाला. नि मावळलं की शब्बाथ लागतो, मग शनिवारभर तो गाडीत बसत नाय. तूच शिकवलंस."

"मग रविवारी?"

"रविवारी महाबळेश्वरहून परस्पर विमानतळावर."

गाडी लागली. हौसा उठली, ती दोघं उठली नाहीत.

"मग इतका वेळ मला घाट नि पुणं कशाला सांगत बसलात?"

"बोलत होतो तोवर तो येत होता, गो."