फोर-व्हीलचा दांडा

...आणि वर मेव्हणा मलाच विचारतो, "दाजी, हा आवाज कसला येतोय हो?" मला! अरे, ज्या माणसाला गेले वीस दिवस झोपेतसुद्धा तोच आवाज येतोय, त्याला विचारतोस? टक... टक... टक... गाडी हळू चालवली की येतो, जरा वेग घेतला की गप्प. आणि गप्प झाला की जास्त भीती वाटते, तुम्हाला सांगतो! भुंकणारं कुत्रं एकदम गप्प झालं की आपण आधी पोटऱ्या सांभाळतो की नाही? तसं!

या, बसा, गाडीतच बसा. दार नुसतं लोटा, आपटू नका. नाही, चालवणार नाहीये, घाबरू नका.

तर ही माझी जुनी फोर-व्हील पिकअप. हुबेहूब अशीच, याच वर्षाची, याच पोपटी रंगाची माझ्या मेव्हण्याकडे. बायकोचा धाकटा भाऊ. धाकटा म्हणजे अठ्ठावन्नचा, पण बायकोच्या लेखी त्याचे दुधाचे दात अजून पडायचेत. गाड्या शेजारी लावल्या की जुळी भावंडं! फरक फक्त पोटात. पुढची-मागची चाकं ज्याच्यावर फिरतात त्या ॲक्सलच्या मधोमध तो लोखंडी हंडा असतो ना गोल, त्याच्यात दातेरी चक्रं असतात. माझ्या गाडीचा आकडा सदतीस, त्याच्या गाडीचा एकेचाळीस. आकडा मोठा, तशी ओढ जास्त. हा आकडा बोटभर पत्र्याच्या पट्टीवर ठोकलेला असतो आणि पट्टी हंड्याच्या बोल्टला लटकत असते. मी सातवीत दोनदा बसलेला माणूस, तिसऱ्यांदा मास्तर म्हणाले, आता माझ्याच खुर्चीत बस... पण एवढं गणित मला येतं.

आणि हा मेव्हणा! ताटावर बसला की सुरू. "माझी एकेचाळीस आहे दाजी. तुमची आपली सदतीस." ते 'आपली' ऐकलंत? माझी गाडी नाही, जणू माझी बुद्धीच सदतीस!

मग माझा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे. पोस्टमनच्या सायकलची घंटी काढून डॉक्टरांच्या सायकलला कोणी लावली होती? मीच. न्हाव्याच्या आरशावर "आज दर्शन बंद" कोणी चिकटवलं होतं? मीच! गेलो लेथवाल्याकडे, ३७ ठोकलेल्या दोन पट्ट्या करून घेतल्या आणि मेव्हणा दुपारी घोरत असताना त्याच्या गाडीखाली शिरून पुढची-मागची दोन्ही बदलल्या. संध्याकाळी सगळ्यांसमोर म्हटलं, "शिर गाडीखाली आणि मोठ्यानं वाच." शिरला. आणि खालून आवाज आला, "स... सदतीस?" अहाहा! अकरा वर्षं झाली, पण त्या 'सदतीस'ची चव जिभेवर आहे अजून. त्या दिवसापासून ताटावर गप्प जेवतो तो.

आता यंदाचं ऐका. रस्त्यावरच्या मोरीजवळ माझी गाडी खड्ड्यात गेली आणि पुढचा ॲक्सल वाकला, अगदी केळ्यासारखा. नवा मिळत नाही, कंपनीनंच या गाड्यांवर पाणी सोडलंय. मेव्हण्याच्या गाडीचं इंजिन कधीच बसलेलं. पत्र्याच्या शेडमध्ये उभी, सीटवर कोंबड्या अंडी घालतात. तर हा आपण होऊन म्हणतो, "दाजी, माझा पुढचा ॲक्सल काढून घ्या." हो-ना नाही, आढेवेढे नाहीत! मला तिथंच शंका यायला हवी होती. आली का? नाही आली.

मिस्त्री आमचा गप्प्या. दिवसाला दहा शब्द बोलतो, त्यातले चार "पाना दे". दोन्ही गाड्या नाकासमोर नाक करून लोखंडी टेकूंवर चढवल्या, चाकं काढली. दोन म्हातारे एका खोलीत तोंड वासून पडलेत आणि एकाचे पाय काढून दुसऱ्याला लावायचेत, असं दृश्य! यू-बोल्ट असे गंजलेले की तुटताना किंचाळले. माझ्या गाडीचा एक तर उडून गेला थेट छताला. शेवटी दोन्ही ॲक्सल जमिनीवर आडवे ठेवले. गप्प्यानं फडक्यानं माझ्यावरची पट्टी पुसली. "सदतीस." मेव्हण्याच्या ॲक्सलवरची पुसली. "सदतीस." माझ्याकडे बघून म्हणाला, "जमलं."

काय जमलं? कप्पाळ! ती पट्टी माझी, लेथवरची, खोटी! आत एकेचाळीस! मागची चाकं म्हणणार सदतीस, पुढची म्हणणार एकेचाळीस, आणि दोघांच्या भांडणात मधला गिअरबॉक्स चिरडणार. एकाच सतरंजीची दोन टोकं दोघांनी दोन वेगानं ओढत चालावं तसं. हां, पण कधी? चारही चाकांना ओढ देणारा तो फोर-व्हीलचा दांडा ओढला तरच. नाहीतर पुढची चाकं नुसती फरफटत येतात बिचारी. म्हणजे... दांडा ओढला नाही ना, मग काही होत नाही.

मला बोलायला हवं होतं, मान्य! तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बायको चहाची किटली घेऊन आली, मेव्हणा हात पुसत समोर उभा राहिला, आणि मला दिसली माझी अकरा वर्षं. एका वाक्यात सगळी जाणार! तोंड उघडलंच होतं, म्हणून त्यात बिस्कीट टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲक्सल चढला. गाडी खाली उतरली. किल्ली देताना गप्प्या म्हणाला, "काका... दांडा जपून."

का? तो का म्हणाला तसं? जो माणूस "बरं" म्हणायलाही महाग, त्यानं तीन-तीन शब्द का खर्चावेत?

आणि गल्लीच्या तोंडाशी पोचलो नाही, तोच... टक. टक. टक. पुढून, डावीकडून. दार कोणी एका बोटानं वाजवावं, घाई नसल्यासारखं.

मग वीस दिवस मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. दांडा सुतळीनं बांधून टाकला. चिखल दिसला की तीन मैलांचा वळसा. एकदा वळसा नव्हताच, तर बायकोला खाली उतरवून मागून ढकलायला लावलं! "अहो, फोर-व्हील घेतलीत ती काय शोभेला?" म्हटलं, "ढकल तू. व्यायाम होतो." चिखलानं माखून वर बसली, आणि हसत होती. चिखलात माखलेली बायको हसते, याचा अर्थ मला कळायला नको? पण डोक्यात एकच, दांडा ओढला नाही ना, मग काही होत नाही.

आणि परवाच्या मंगळवारी सकाळी ताईचा फोन. माझी थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली, वर टेकडीवर एकटी राहते. "अरे, पाय घसरून पडले. पाय सुजलाय, उभं राहवत नाही." अॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, वर चढणार नाही, पाण्याच्या टाकीची पाईप फुटून रस्त्याचा लगदा झालाय. चढेल ती एकच गाडी. ही!

मेव्हणा न बोलावता शेजारी येऊन बसला. निघालो. टक... टक... टक... एका अंगाला टेकडी, दुसऱ्या अंगाला दगडाची जुनी खाण, तळाशी हिरवंगार पाणी. त्या पाण्यात काय काय पडलंय आणि काय वर आलेलं नाही, याची यादी मेव्हणा वाटेत सांगत होता. शेवटच्या वळणावर मागची चाकं गरगरली आणि गाडी, तुम्हाला सांगतो... मागे सरकायला लागली. वीतभर. थांबली. अजून वीतभर. खाणीच्या बाजूला! ब्रेकवर मी उभा, नुसता उभा!

"दाजी, दांडा ओढा."

"नको."

"दाजी, ताई वर पडलीय."

अजून वीतभर. आरशात रस्ता दिसेना, नुसतं हिरवं दिसायला लागलं. आणि मग सुटलं तोंड! "अरे खोटी पट्टी आहे ती! मी लावली, लेथवाल्याकडून करून! तुझी एकेचाळीसच होती रे, अकरा वर्षं एकेचाळीसच होती! दांडा ओढला तर सगळं फुटेल, आपण खाणीत जाऊ, ताई वर तशीच राहील, आणि सगळं माझ्यामुळं!"

मेव्हण्यानं खिशात हात घातला. चाकू काढला. मी म्हटलं, संपलं! पण त्यानं सुतळी कापली आणि स्वतः दांडा ओढला. मी डोळे मिटले.

गाडी... जिना चढावा तशी वर गेली हो.

"पट्टीचं मला तेव्हा दुसऱ्याच दिवशी लेथवाल्यानं सांगितलं होतं, दाजी," हा शांतपणे म्हणाला. "ॲक्सल चढवायच्या आदल्या रात्री गप्प्याकडून तुमच्या वाकलेल्या ॲक्सलमधली चक्रं काढून यात घातली. आता आत खरंच सदतीस आहे. आम्ही फक्त बघत होतो, तुम्ही कधी बोलताय."

आम्ही! म्हणजे गप्प्या. म्हणजे बायको. आणि वर पोचलो तर ताई, पाय भोपळ्याएवढा सुजलेला, मला बघून म्हणते काय, "बोललास का रे एकदाचा?"

ताईला सुखरूप खाली आणलं, प्लास्टर झालं. मग मेव्हण्यानं पुढच्या डाव्या चाकाची कॅप उघडली, आतून एक मोठा नट काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "हा तुमचा टक-टक." मी हसलो हो, मोकळेपणानं हसलो! हरलो म्हटलं, एकेचाळीसवाल्या, तू जिंकलास.

दुसऱ्या दिवशी गाडी काढली. टक... टक... टक...

उजवीकडून.

मेव्हणा म्हणतो, "दाजी, शपथ, मी एकच टाकला होता." कॅप उघडली, रिकामी! गप्प्या आला, गाडीखाली शिरला, बराच वेळ बाहेरच येईना. आला तर हात पुसत म्हणतो, "काका... जपून." दांडासुद्धा म्हणाला नाही या वेळी! मेव्हणा शपथ घेतो तेव्हा ओठांच्या कोपऱ्यात हसतो. ते हसणं माझंच, माझ्याकडूनच उचललंय त्यानं, आणि मलाच ओळखता येत नाही, खरं की खोटं! ताईला शनिवारी परत वर सोडायचंय, त्याच रस्त्यानं. ती म्हणते, "मी प्लास्टरातच चालत जाते."

म्हणून मी आपला उभ्या गाडीत बसतो. गाडी हलवली नाही ना, मग काही होत...

टक.

...ऐकलंत? गाडी उभी आहे, बरं का. किल्ली तर माझ्या खिशात.

वाकून बघितलं असतं हो. पण खाली मेव्हणा नसला तर?... जाऊ दे. बसा जरा अजून.