रायबाच्या नावाचा दाखला

वेल्ह्याच्या स्टँडवर भोरची गाडी अजून लागायची होती. लतीफभाई बाकावर टेकले होते. पाठीमागच्या बाकावर घोंगड्यांचं गाठोडं घेऊन पारूबाई आणि तिची लेक धनश्री बसल्या होत्या. त्यांचं बोलणं कानांवर येतच होतं.

“आई, वेबसाईटच्या पत्त्यात आता आबांचं मराठीतलं ‘रायबा’ नाव नको. इंग्रजी नाव घेऊ.”

“का गं? ते गेल्यावर बी घोंगडी त्येंच्याच नावावर खपत्यात.”

“पुण्याच्या बाईंनी मागणी रद्द केली. आपली वेबसाईट खरी असल्याचा दाखला असतो. त्यात त्यांना आबांचं नाव दिसलंच न्हाई. फसवणूक वाटली.”

“नाव खोडलं कुणी?”

“कुणी न्हाई. त्या दाखल्यात मराठी अक्षरं बसतच न्हाईत. त्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा असा गुंता येतो. हे बघ मोबाईलवर.”

“वाच की.”

“वाचता येत न्हाई, आई. कुणालाच न्हाई येत.”

गाडी आली. लतीफभाई उठले नाहीत.

“दुसऱ्या कुणाच्या नावाचा असाच गुंता हुतो का गं?”

“न्हाई. दुसऱ्या नावाचा दुसरा. हा फक्त आपल्या नावाचा.”

“तुज्या बापानं जलमात सही केली न्हाई. तहसिलीत, बँकेत, तुज्या शाळेत, समदीकडं अंगठाच दिला. त्यो कुणाला वाचता येत हुता?”

“आई...”

“राहू दे त्येंचं नाव. त्या बाईंना फोन लाव. म्हणावं, आमचं मालक अंगठाबहाद्दर हुतं. दिसतोय त्यो त्येंचाच अंगठा हाय.”