नवस तिचा, मीठ मी सोडलं

माझा जन्म पोलीस ॲक्शननंतर दोन-तीन सालांनी, खुलताबादपल्याडच्या वाडीत. तारीख कोणाला ठाव! पुढं वेरूळच्या लेण्यांवर राखणदार म्हणून लागलो, तीसेक वर्सं त्या पायऱ्या चढलो-उतरलो, मग गुडघे ऱ्हात्यात व्हय?

शहरातले डाक्टर म्हणले, बाबा, गुडघा बदलावा लागंल. झालं! आमची कौसा, म्हंजी घरवाली, लई देवभोळी, तिनं भद्रा मारुतीला नवस बोलला, माझा माणूस काठीबिगर चालेस्तोवर मी अळणी खाईन. पंधरा दिस आधीपासूनच सुरू. सैपाक सगळा अळणी, माझ्या ताटाला तेवढं मीठ वाढायची. काय सांगू तुम्हाला, ती समोर बसून अळणी वरण गिळायची आन् मी चवीनं खाऊ? घासच उतरंना. म्या बी मीठ सोडलं, गुपचूप.

आप्रेशन झालं. दवाखान्यात डबा घरचाच, संगं मिठाची पुडी, ती म्या उशीखाली सारायचो. चौथ्या दिशी सुट्टी व्हती. डोकं जड, कौसाला दोनदा माझ्या मयत बहिणीच्या नावानं हाक मारली. ती हसली, म्हणली, भूल उतरली नाय अजून. तेवढ्यात सिस्टर सुई घेऊन हजर. म्या खवळलो, अगं माय, चाललो की घरी, आता कशाला रगत? ती म्हणली, बाबा, सगळ्यांचंच तपासतो, द्या हात. दिला.

दुपारी डाक्टर पळत आले. रगतातलं मीठ लई खाली गेलतं. म्हणले, असेच घरी गेले असते तर झटके आले असते, जिवावर बेतलं असतं. बीपीची गोळी आधीच अंगातलं मीठ काढती, वर खायचं मीठ बी बंद केलं का काय? कौसा म्हणली, छे, मी रोज पुडी देते. मग काय करता, म्या उशी उचलून पुड्या दावल्या.

कौसा ढसाढसा रडली. अहो, येड लागलं का तुम्हाला, नवस माझा व्हता! म्या म्हणलं, पन्नास वर्सांत तुला सोडून कधी गोड-तिखट खाल्लंय का? लई जीव हाय हो माझा तिच्यावर, पर असं तोंडानं तवाच पहिल्यांदा बोललो.

सलाईन लावली, दोन दिस जास्ती ठेवलं. संध्याकाळी तिनं आधी स्वतःच्या वरणात मीठ घातलं, माझ्यासमोर खाल्लं, म्हणली, जेवा आता, मारुतीची समजूत मी काढते.

आता चालतो मी, काठीबिगर. पुढल्या महिन्यात तिचा गुडघा बदलायचाय. परवा मारुतीला जाऊन आलो, नवस काय बोललो नाय. म्हणलं, देवा, हिला सुखरूप ठेव, बदल्यात काय मागू नको, आमी दोघं पोटभर जेवून तुझं नाव घेऊ.