हात न लावायचा दस्ता

केबिन रोडवर वीजबिलाच्या रांगेत माझ्यापुढे दोन शेजारणी बोलत होत्या.

"नीलिमाताई, तुमच्या समिधाच्या एअर रायफलला भाऊजी घरीच लाकडी दस्ता बनवतायत म्हणे?"

"बनवून झाला. आमचा सागवानी पलंग मोडून. तिच्या गालाचं, खांद्याचं माप घेऊन तासला. गेलं वर्षभर पॉलिश चाललंय."

"वर्षभर?"

"एक हात मारायचा, वाळला की घासायचा, मग दुसरा हात. आम्ही जमिनीवर झोपतोय, दस्ता गादीवर."

"पोरीची प्रॅक्टिस मात्र मस्त होत असेल."

"कसली प्रॅक्टिस? तिला हातच लावू देत नाहीत. घामाचे डाग पडतात."

"कमाल आहे! दसऱ्याला पूजा तरी केलीत ना?"

"केली की. हळदकुंकू लांबूनच दाखवलं."

"मग परवाची स्पर्धा?"

"क्लबची जुनी रायफल घेऊन गेली. तिसरी आली, मेडल मिळालं."

"अरे वा! भाऊजी खूश असतील."

"खूश म्हणजे काय! दारातच तिच्या गळ्यातलं मेडल काढलं आणि दस्त्याला घातलं."

"दस्त्याला?"

"हो. मध्ये मऊ फडकं ठेवून. चरा पडायला नको."