पुराची रेघ

नगररचनेच्या कचेरीत शालन नंबराची वाट बघत बसली होती. पुराचं पाणी शिरतं म्हणून घराची उंची वाढवायला परवानगी मिळावी, एवढाच तिचा अर्ज. शेजारच्या बाकावर एकजण आतून येऊन मटकन बसला, आणि त्याच्या शेजारच्यानं विचारलं,

“काय पावणं, न्हाय म्हनलं?”

“घर पाच फूट जास्त उंच हुतंय म्हनं. छपराखालची खोली बी काढा म्हनत्यात.”

“पुराचं सांगितलं न्हाय व्हय?”

“सांगितलं की! खाली नुसतं खांब, पाणी जाऊ दे खालनं. आन् वर चढलंच तर बसाय ती खोली. मागल्या पुरात बायकोला पत्र्यावर बसवून होडीची वाट बघितलीया.”

“मग?”

“पाणी कुठवर आलतं, पुरावा आना म्हनलं.”

“भिंतीवर रेघ मारली असंल की.”

“मारलीती. कोळशानं, तारीख घालून. माझ्या डोक्याच्या वर.”

“मग त्येचा फोटू द्या.”

“पुसली.”

“आता काय म्हनावं तुमास्नी!”

“पोरगं पस्तिशीला आलंय. पोरीकडची घर बघाय येनार हुती. पुराच्या घरात पोरगी कोन देतंय? तीन हात चुना मारला.”

“जमलं?”

“न्हाय. चुना वला हुता. हात लावून बघितला त्येंनी.”

शालननं फाईल उराशी धरली. आतल्या फोटोत तिच्याही घराच्या भिंती नव्या चुन्यानं पांढऱ्याशुभ्र होत्या.

“शेजाऱ्याच्या भिंतीचा फोटू द्या की मग. पाणी तर एकच.”

“आक्खी गल्ली फिरलो. एक रेघ न्हाय. समद्यांच्याच घरात लग्नाची पोरं हायत, पावणं.”

आतून शालनचा नंबर पुकारला. दुसऱ्यांदा पुकारला, तरी ती उठली नाही.