चार वाजताचा फोन

केबिन रोडवरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या बाकावर एक मुलगी फोनवर बोलत होती. तिने फोन ठेवताच शेजारची म्हातारी तिच्याकडे वळली.

“पोरी, लॉकडाऊनमधी ‘ताप आहे का, खोकला आहे का’ इचारनारी तूच ना?”

“अय्या! मुर्धा गावच्या इंदुआजी?”

“आवाजावरनं वळखली बघ. रोज चारला फोन यायचा तुझा.”

“समाजकार्याच्या कॉलेजचं फील्डवर्क होतं ते. बाहेर पाठवत नव्हते, म्हणून घरूनच म्हाताऱ्या माणसांना फोन लावायचे.”

“आन् तापाचं इचारून झालं की मीच इचारायची, जेवलीस का?”

“एकटीच होते ना नवघरच्या रूमवर. घरचे सगळे रत्नागिरीला अडकलेले. कोलंबीचं कालवण तुम्हीच शिकवलंत फोनवर. अजून तसंच करते.”

“चिंच घालतेस?”

“घरून कोकमं येतात, तरी चिंचच.”

“मंग येक दिस फोनच बंद झाला.”

“फील्डवर्कचे तास भरले होते, आजी. मॅडम म्हणाल्या होत्या, शेवटच्या दिवशी नीट सांगून निरोप घ्या. मला सांगवेना. ‘उद्या करते’ म्हणाले आणि ठेवला.”

“लय दिस वाट बघितली. मना वाटला, गेली पोरगी. तवा मानसं जातच व्हती. सर्वपित्रीला तुझ्या नावाचा घास ठेवला कौलावर.”

“आजी!”

“त्या दिसाला कोलंबी चालत न्हाय, तरी वाढली. तुला आवडायची म्हनून. अंधार पडंस्तवर बसले. कावळा शिवलाच न्हाय.”

“मग?”

“मंग काय, म्हनलं, पोरगी जिती हाय. आन् कालवन मीच खाल्लं.”