फुसेनाचा न गेलेला निरोप

(तमाले, उत्तर घाना. बाळांच्या दवाखान्यातली संगणकाची खोली. मेमुनातू इथली मोठी नर्स; तपासणीचे निकाल आयांच्या फोनवर धाडणारा प्रोग्राम नपारीने लिहिलाय. बाहेर बाकांवर आया बसल्या आहेत.)

मेमुनातू : आणि तू म्हणतोस, प्रोग्राम नीट चालला.

नपारी : चालला मॅडम. कुठे अडला नाही.

मेमुनातू : बाहेर फुसेना बसलीय. तिला निरोप गेला, बाळाला सिकलसेल, तो रक्ताचा आजार, नाही. बाळाची बोटं टम्म सुजलीत. तपासणीत 'आहे' आलंय. मग ते 'नाही' कुणाचं?

नपारी : तिच्या आधीच्या बाईचं. एक यादी आयांची, निकालांसकट, एक फोन नंबरांची. झिप नावाचं तयार फंक्शन दोन्ही जोडतं, पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. पण एक नंबर कमी होता.

मेमुनातू : कमी कसा?

नपारी : अझारा आणि सनातू सवती. फोन दोघींत एक, म्हणून नंबर एकदाच लिहिला गेला. तिथून पुढचं सगळं एकेक घर सरकलं. फुसेना शेवटची. तिचा निकाल कुणालाच गेला नाही.

मेमुनातू : तुझ्या आईच्या घरी किती फोन होते रे?

नपारी : एकच. तिघींत.

मेमुनातू : मग ठाऊक नव्हतं असं म्हणू नकोस. आणि नंबर कमी पडला, हे तुझ्या झिपला कळत नाही?

नपारी : कळतं. पण ती अट नाव घेऊन लिहावी लागते, 'स्ट्रिक्ट : हो', म्हणजे काटेकोर राहा, अशी. मग ते तिथेच थांबतं. नाही लिहिलं, तर उरलेलं गुपचूप टाकून देतं.

मेमुनातू : आणि तू लिहिलं नाहीस.

नपारी : लिहिलं होतं. शुक्रवारी प्रोग्राम सारखा थांबत होता. तुम्ही म्हणालात, नमाजाच्या आधी सगळे निरोप गेले पाहिजेत. मग मी ते काढलं.

मेमुनातू : राखणीचं कुत्रं भुंकतं म्हणून हाकलून दिलंस.

नपारी : हो.

मेमुनातू : आणि मी शाबास म्हणून तुला भात-चवळी खायला घातली.

नपारी : आता सगळ्यांना दुरुस्त निरोप पाठवू?

मेमुनातू : शुक्रवारी 'नाही', आज 'आहे', तेही फोनवर? बाकीच्यांच्या घरी मी जाते. डॉक्टरांनाही गाठते, औषध आजच सुरू व्हायला हवं. फुसेनाला तू सांग. तोंडाने.

नपारी : मी?... बरं. बाकावर शेवटची बसलीय, तीच ना?

मेमुनातू : जागेवरून धरू नकोस, बाबा. जा, आधी नाव विचार.